स्विचचा पत्ता आणि स्विचचं घड्याळ

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

स्विच म्हटलं की आपल्याला भिंतीवरचं बटण आठवतं. खटकन दाबलं की दिवा लागतो, ते. आज ज्याच्याबद्दल बोलायचंय तो स्विच निराळा. बँकेत, तहसील कचेरीत, कॉलेजात, हल्ली बऱ्यापैकी मोठ्या दवाखान्यातही कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटात एक चपटी पेटी असते. तिच्या तोंडावर चोवीस किंवा अठ्ठेचाळीस भोकं, प्रत्येकात एकेक वायर खोचलेली, आणि वर हिरवे दिवे सारखे मिचमिचत असतात. इमारतीतले सगळे संगणक याच पेटीत येऊन एकमेकांना भेटतात. त्या भोकांना म्हणायचं पोर्ट आणि पेटीला नेटवर्क स्विच.

मित्रहो, बी.ए.ला मराठी घेतलेल्या, कविता लिहिणाऱ्या माणसाने या पेटीवर का बोलावं, असं तुमच्या मनात येईल. कारण साधं आहे. पंचवीसेक वर्षं मी एका महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतोय आणि त्या लोखंडी कपाटाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते. ज्याच्याकडे किल्ली असते त्याला आतलं थोडंफार समजून घ्यावंच लागतं. उरलेलं मला माझ्या भाच्याने शिकवलं. नेटवर्क बसवणं, बिघडलं तर दुरुस्त करणं, हा त्याचा व्यवसाय. कपाट उघडलं की त्याचे पहिले दोन प्रश्न ठरलेले असतात. ‘मामू, याला पत्ता मिळालाय का? आणि याच्या घड्याळात किती वाजलेत?’

हे दोन्ही प्रश्न वरवर किरकोळ वाटतात, आणि गंमत अशी की स्विचला स्वतःचा पत्ता नसला, त्याचं घड्याळ तीस वर्षं मागे असलं, तरी तो आपलं रोजचं काम करतच राहतो. इकडची माहिती तिकडे पोचवतो, दिवे मिचमिचत राहतात. म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. जातं ते एखाद्या दिवशी, ‘त्या रात्री नक्की काय झालं?’ असा प्रश्न पडतो तेव्हा. आमच्याकडे हा प्रश्न पडला तेव्हा एका कंत्राटी वॉचमनची नोकरी त्याच्या उत्तरावर लटकली होती. ती हकिकत सांगतोच, पण आधी पत्ता आणि वेळ या दोन गोष्टी पाहू.

नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता लागतो. त्याला आयपी पत्ता म्हणतात. तो हाताने लिहून देता येतो. पण शे-दोनशे यंत्रं असली की कुणाला कुठला दिला याचा हिशेब राहत नाही आणि एकच पत्ता दोघांना दिला जातो. म्हणून पत्ते वाटण्याचं काम एका यंत्राकडे सोपवतात. या वाटपाच्या पद्धतीचं नाव डीएचसीपी. १९८५ साली तिची पूर्वज असलेली बूटपी नावाची पद्धत आली, १९९३मध्ये डीएचसीपी आली आणि १९९७ साली तिला जे रूप मिळालं तेच मुळात आजही चालू आहे.

परगावचा माणूस रात्री लॉजवर येतो, असं समजा. त्याला इथलं कुणीच माहीत नाही. तो दारात उभा राहून हाक मारतो, ‘कुणी खोली देणारं आहे का?’ मालक म्हणतो, ‘अकरा नंबर रिकामी आहे.’ पाहुणा म्हणतो, ‘बरं, अकरा नंबर द्या.’ मालक वहीत लिहितो आणि म्हणतो, ‘दिली, उद्या बारापर्यंत.’ यंत्रांमध्ये नेमकी हीच चार वाक्यं बोलली जातात: शोध, देकार, मागणी, मान्यता. खोलीला जशी मुदत, तशी पत्त्यालाही असते. निम्मी मुदत संपली की यंत्र आपणहून मुदतवाढ मागतं. कुणीच उत्तर दिलं नाही तर बरेच संगणक स्वतःच एक पत्ता घेऊन बसतात आणि तो १६९.२५४ने सुरू होतो. तुमच्या संगणकावर हा आकडा दिसला तर ओळखावं की बिचाऱ्याने हाका मारल्या, पण दारात कुणी आलं नाही.

का आलं नाही? इथून दुरुस्ती सुरू होते. पहिलं कारण वायर. ते इतकं साधं असतं की हुशार माणसं ते शेवटी बघतात. दुसरं कारण मजेशीर आहे. स्विचच्या पोर्टमध्ये नवी वायर खोचली की स्विच लगेच दार उघडत नाही. या वायरीमुळे नेटवर्कमध्ये कुठे गोल फेरा तर होत नाही ना, हे तो आधी तपासतो, कारण तसा फेरा झाला तर तीच ती माहिती गरगर फिरून सगळं ठप्प होईल. जुन्या पद्धतीच्या या तपासणीत पंधरा अधिक पंधरा, अशी तीस सेकंदं जातात. तेवढ्यात संगणक हाका मारून दमून गप्प झालेला असतो. जिथे फक्त संगणकच जोडायचा आहे अशा पोर्टला ही वाट पाहण्यातून सूट देता येते, तेवढं केलं की ही तक्रार मिटते. तिसरं कारण भिंतीचं. मोठ्या नेटवर्कचे वेगवेगळे वाडे केलेले असतात, त्यांना व्हीलॅन म्हणतात. एका वाड्यात मारलेली हाक दुसऱ्या वाड्यात ऐकू जात नाही. पत्ते देणारा पलीकडच्या वाड्यात बसला असेल तर मध्ये निरोप पोचवणारा लागतो, आणि त्याची नेमणूक करायचं बहुधा राहून गेलेलं असतं.

पण सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे हाकेला भलत्यानेच ओ देणं. लॉजच्या पायरीवर दुसराच कुणी इसम बसला आहे आणि येईल त्याला खोल्यांचे नंबर वाटतो आहे, असं समजा. नंबर मिळतो, पण त्या नंबराची खोली या लॉजमध्ये नसतेच. घरातला वाय-फायचा डबा कचेरीच्या वायरीला लावला की नेमकं हेच होतं, कारण त्या डब्याच्या पोटातही पत्ते वाटणारा असतो. त्याला वाईट हेतू नसतो. त्याला वाटतं, हे आपलंच घर. यंत्र सहसा आधी उत्तर देणाऱ्याचं ऐकतं. इथे भाचा एक वाक्य नेहमी म्हणतो, ‘पत्ता न मिळणं बरं, मामू. चुकीचा मिळाला की शोधत बसावं लागतं.’

आता घड्याळ. स्विचमध्येही घड्याळ असतं, पण बऱ्याच स्विचमध्ये ते चालू ठेवणारी बॅटरी नसते. लाइट गेली की वेळ विसरली. सिस्कोच्या अनेक जुन्या स्विचना वीज परत आली की वाटतं, आज १ मार्च १९९३ आहे आणि मध्यरात्रीचे बारा वाजले आहेत. तिथून ते इमाने इतबारे सेकंद मोजायला लागतात. म्हणून त्यांना कुणाला तरी वेळ विचारावी लागते. विचारण्याच्या या रीतीला एनटीपी म्हणतात. अमेरिकेतले डेव्हिड मिल्स यांनी ती घडवली. तिचा पहिला लेखी मसुदा १९८५ सालचा. मिल्स यांची दृष्टी लहानपणापासून अधू होती. २०२४च्या जानेवारीत वयाच्या ८५व्या वर्षी ते वारले. जगातली बहुतेक सगळी संगणकी घड्याळं त्यांच्या रीतीने लागतात, पण त्यांचं नाव किती जणांनी ऐकलंय?

वेळ विचारण्यात अडचण कसली, असं वाटेल. आमच्या पिढीने रेडिओवर बातम्यांच्या आधीची पिप् पिप् ऐकून मनगटी घड्याळं लावली. आजही ती ऐकायला हरकत नाही, पण मोबाइलवर इंटरनेटवरून ऐकलेला तोच कार्यक्रम साध्या ट्रान्झिस्टरपेक्षा काही सेकंद उशिरा पोचतो. निरोप वाटेत असताना वेळ पुढे गेलेली असते. मग वाटेत किती गेला ते कळणार कसं?

मिल्स यांची युक्ती गावाकडच्या उदाहरणाने सांगतो. घरातल्या घड्याळात बरोबर दहा वाजता मुलाला एस.टी. स्टँडवर धाडलं, तिथलं घड्याळ बघून यायला. तो पोचला तेव्हा स्टँडवर दहा वाजून सात मिनिटं. मिनिटभर थांबून आठ मिनिटांनी निघाला. घरी परतला तेव्हा घरच्या घड्याळात दहा वाजून अकरा मिनिटं. म्हणजे एकूण अकरा मिनिटं गेली, त्यातलं एक तिथे थांबण्यात. चालण्यात दहा, जायला पाच, यायला पाच. मग मुलगा स्टँडवर पोचला तेव्हा घरात दहा-पाच झाले असणार, आणि स्टँडवर दहा-सात. घरचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे. चार नोंदी आणि थोडी वजाबाकी, बस्स. फक्त जाण्याची आणि येण्याची वाट सारखी आहे असं गृहीत धरलंय. जाताना चढ आणि येताना उतार असेल तर हिशेब तेवढा चुकतो. म्हणून एनटीपी एकदा विचारून थांबत नाही, पुन्हा पुन्हा विचारतं.

मराठीचा माणूस म्हणून मला यात एक गोष्ट फार आवडते. आपल्याकडे ‘तो वेळ’ आणि ‘ती वेळ’ असे दोन शब्द आहेत. तो वेळ म्हणजे गेलेला, लागलेला. ती वेळ म्हणजे घड्याळात वाजलेली. एनटीपी ‘तो वेळ’ मोजून ‘ती वेळ’ शोधतं. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे हे इतक्या सोप्या भाषेत सांगायची सोय तिथे नाही.

खरी वेळ असते कुणाकडे? सगळ्यात वर अणुघड्याळं. त्यांना थेट जोडलेला संगणक पहिल्या पायरीवर, त्याला विचारणारा दुसऱ्या, अशा पंधरापर्यंत पायऱ्या. सोळावी पायरी म्हणजे ‘या घड्याळावर विश्वास ठेवू नका’. भारताची प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने निर्देश काढले की संस्थांनी आपली यंत्रं या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना केंद्राच्या वेळेशी, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या घड्याळांशी लावून घ्यावीत आणि नोंदी १८० दिवस जपाव्यात. बहुतेक यंत्रं आतल्या आत वेळ ठेवतात ती मात्र जागतिक. आपण तिच्या साडेपाच तास पुढे. हे साडेपाच तास लक्षात ठेवा.

२०२३चा पावसाळा. आमच्याकडे पुरवणी परीक्षेचा आठवडा होता. प्रश्नपत्रिका हल्ली सकाळी इंटरनेटवरून येतात आणि त्या उतरवून घ्यायचे वीस संगणक पहिल्या मजल्यावरच्या लॅबमध्ये आहेत. पेपर फुटल्याची कुजबुज उठली. चौकशी बसली. कुणीतरी पहिल्या मजल्यावरच्या स्विचचा लॉग, म्हणजे त्याची रोजनिशी, काढून आणली. त्यात होतं की लॅबचे पोर्ट १८ वाजून २ मिनिटांनी बंद झाले आणि ००.४० वाजता पुन्हा सुरू झाले. अर्थ उघड होता. लॅब संध्याकाळी सहाला बंद झाली आणि मध्यरात्री बारा-चाळीसला कुणीतरी उघडून संगणक लावले. रात्री इमारतीत माणूस एकच, वॉचमन. तो सांगत होता, ‘साहेब, मी वर गेलोच नाही. लाइट साडेअकराला गेली ती पार उजाडल्यावर आली, दूधवाला येऊन गेला तेव्हा.’ पण कागदावरच्या छापील आकड्यांपुढे त्याच्या दूधवाल्याला कोण विचारतो? शिवाय समितीने स्विचचं घड्याळ स्वतः पाहिलं होतं. ते मिनिटाला मिनिट बरोबर होतं.

माझा भाचा आला होता तो दुसऱ्याच तक्रारीसाठी. दुसऱ्या मजल्यावरच्या स्टाफरूममध्ये दोन संगणकांना इंटरनेट येत नव्हतं आणि त्या मजल्यावरचा स्विच जाग्यावरून हाकेला उत्तर देत नव्हता. लाइट आली त्याला दोन दिवस होऊन गेले होते. त्याने निळी चपटी वायर थेट त्या स्विचला लावली आणि ठरलेले दोन प्रश्न विचारले. पत्ता होता, पण १९२.१६८ने सुरू होणारा. आमच्याकडचे पत्ते सुरू होतात १०ने. घड्याळ होतं ३ मार्च १९९३ वर, पहाटेचे चार वाजून एकोणसाठ मिनिटं, आणि वेळेच्या अगोदर एक छोटी चांदणी छापलेली. चांदणी म्हणजे स्विच स्वतःच सांगतो की माझ्या वेळेची मला खात्री नाही. स्टाफरूममध्ये कपाटामागे वाय-फायचा एक डबा सापडला. घरून आणून कुणीतरी लावला, इंटरनेट येईना म्हणून तसाच सोडून दिला होता. लाइट आल्यावर हा डबा मिनिटभरात जागा झाला आणि पत्ते वाटायला लागला. आमचा खरा पत्ते देणारा सर्व्हर मात्र सकाळी दहाला कुणीतरी बटण दाबेपर्यंत झोपलेला. स्विचने डब्याचा पत्ता घेतला. त्या पत्त्यावरून वेळ सांगणाऱ्या सर्व्हरपर्यंत वाटच नव्हती. पत्ता चुकला म्हणून वेळ मिळाली नाही. प्रश्नांचा क्रम असा का, ते इथे कळतं. उलट्या क्रमाने गेलं तर माणूस घड्याळाशी झटत बसतो.

डबा काढण्याआधी भाच्याने मनगटावर पाहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं. मग कागदावर वजाबाकी केली. हा स्विच १ मार्चच्या मध्यरात्रीपासून मोजतोय, म्हणजे जागा होऊन त्याला दोन दिवस चार तास एकोणसाठ मिनिटं झाली. तेवढं मागे गेलं तर परवा सकाळचे सहा वाजून अकरा मिनिटं. ‘काका, लाइट कितीला आली म्हणालात?’ त्याने वॉचमनला विचारलं. घड्याळ चुकीचं होतं, पण त्याची चूक पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी होती. असा साक्षीदार फार कामाचा असतो.

मग त्याने पहिल्या मजल्यावरचा लॉग मागितला. तो स्विच इन्व्हर्टरवर आहे, त्यामुळे रात्रभर जागा होता. लॅबचे संगणक इन्व्हर्टरवर नाहीत आणि परीक्षेमुळे ते रात्रीही चालू ठेवलेले होते. ००.४०ला साडेपाच तास मिळवा: सहा-दहा. १८.०२मध्ये मिळवा: रात्रीचे साडेअकरा वाजून दोन मिनिटं. लाइट गेली, वीस संगणक बंद. लाइट आली, वीस संगणक आपोआप सुरू, कारण वीज आली की चालू व्हायचं, असं त्यांना सांगून ठेवलेलं आहे. भाच्याने त्या वीस ओळींवर बोट फिरवलं. सगळ्या चार सेकंदांच्या आत होत्या. ‘मामू, चार सेकंदांत वीस बटणं दाबणारा वॉचमन मिळाला तर मला पण सांगा.’

मग समितीने पाहिलेलं घड्याळ बरोबर कसं? तेच तर या पेट्यांचं आडवळण आहे. घड्याळाला ‘पाच तास, तीस मिनिटं’ असं सांगितलेलं होतं, म्हणून विचारलं की ते भारतीय वेळ दाखवायचं. पण लॉग लिहितानाही स्थानिक वेळच लिही, हे वेगळं सांगावं लागतं. ते सांगितलेलं नव्हतं. एकाच यंत्राच्या तोंडात भारतीय वेळ आणि वहीत जागतिक. जवळपास कुठलाही दुसरा देश असता तर इतका घोळ झाला असता का, कोण जाणे. आपले साडेपाच तास नेमके असे पडले की लाइट जाण्याची वेळ कॉलेज सुटण्याच्या वेळेवर जाऊन बसली आणि कहाणी पटण्यासारखी झाली. वीज उपकेंद्रातही जाण्या-येण्याच्या वेळा लिहिलेल्या असतात. त्या मागवल्या, त्याही जुळल्या. वॉचमन पुढच्या रात्रीपासून परत खुर्चीवर आला. पेपर फुटल्याची कुजबुज ही कुजबुजच ठरली.

दुरुस्ती तासाभराची होती. डबा काढला. स्विचला सांगितलं की पत्त्याचा देकार फक्त सर्व्हरकडच्या पोर्टातून आला तरच पुढे जाऊ दे, बाकी कुठूनही आला तर टाकून दे. ही सोय बहुतेक चांगल्या स्विचमध्ये असते आणि बहुतेक ठिकाणी बंद पडून असते. स्विचना स्वतःला मात्र पत्ता मागायलाच लावायचं नाही, हाताने लिहून कायमचा द्यायचा, असं भाच्याचं मत. मलाही ते पटतं. पोस्टमननेच आपलं घर विचारत फिरावं, हे काही खरं नाही. मग नवा पत्ता, पुढे जायच्या दाराचा पत्ता, वेळेच्या सर्व्हरला हाक मारून उत्तर येतं का, हे बघितलं, आणि त्यानंतरच एनटीपीकडे वळला. तिथे एक आकडा असतो, मागच्या आठ विचारण्यांपैकी कितींना उत्तर आलं ते सांगणारा. आठच्या आठ आली की तो ३७७ दिसतो. आधी १, मग ३, मग ७, मग १७, असा तो चढत जातो. इथे घाई करणारे लोक फसतात. दोन मिनिटांत जुळलं नाही म्हणून पुन्हा सगळं बदलतात. आम्ही कँटीनमधून चहा मागवला. चहा संपेपर्यंत चांदणी गेली होती.

शेवटी त्याने दोन्ही स्विचना लॉगमध्ये स्थानिक वेळ लिहायला लावलं आणि वेळेसोबत तिचं नावही छापायला सांगितलं. आता प्रत्येक ओळीत आकड्यांच्या मागे ‘आयएसटी’ अशी अक्षरं येतात. कपाटाच्या दाराला आतून एक पुठ्ठा चिकटवलाय, त्यावर त्याच्या किरट्या अक्षरात चार ओळी आहेत: वायर, पत्ता, दार, घड्याळ. लाइट गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन जातो आणि त्याच क्रमाने बघतो.